हळकुंडं घेऊन प्रयोगशाळेच्या दारात: सांगली-साताऱ्याच्या नव्या उद्योजकासाठी

कुपवाड एमआयडीसीत माझं हळद दळण्याचं लहान युनिट आहे. सौद्यातून, म्हणजे हळदीच्या लिलावातून, हळकुंडं घ्यायची, पॉलिश करायची, दळायची, पाकिटं भरायची, हंगामात थोडी हळद शिजवायचीही, एवढाच पसारा. पण आजवर सरकारी प्रयोगशाळांशी दोन करार केलेत. पहिला फसला, दुसरा चालू आहे. तेव्हापासून तासगावचा बेदाणेवाला असो की शिरवळचा पॅकिंगवाला, फोन येतोच: "दादा, ते सीएसआयआरचं तंत्रज्ञान घ्यायचं म्हणतोय, काय काय करावं लागतं?" सीएसआयआर म्हणजे केंद्राची वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद. दरवेळी तासभर तेच बोलून घसा बसतो, म्हणून हे लिहून काढलं.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाका. प्रयोगशाळेतून तयार यंत्र टेम्पोत घालून आणता येत नाही. तुमच्या हाती पडते ती प्रक्रियेची फाईल, ती वापरायची परवानगी आणि शास्त्रज्ञाचे मोजके दिवस. पाच किलोवर जमलेली गोष्ट पाच क्विंटलवर जमवायची, हे काम तुमचं. पहिल्या वेळी मला हे कुणी सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे मीच विचारलं नव्हतं.

आधी अडचण कागदावर

"सर, आमच्यासाठी काहीतरी नवीन असेल तर सांगा," असं म्हणत गेलात की समोरचा माणूस माहितीपत्रक देतो, चहा पाजतो आणि वाटेला लावतो. त्याचीही चूक नाही. त्याला तुमचा धंदा माहीत नसतो.

म्हणून जाण्याआधी एक पान लिहा. एकच. अडचण काय, ती कुठल्या टप्प्यावर येते, किती मालावर येते, तिच्यापायी वर्षाला किती रुपये जातात आणि आजवर तुम्ही काय करून पाहिलंत. हळदवाल्यानं आठवडाभर पॉलिशच्या ड्रमात जाणारा आणि बाहेर येणारा माल वजन करून ठेवावा. बेदाणेवाल्यानं कुठल्या दिवशी माल रॅकवर चढवला, त्या दिवशी हवा कशी होती, डिपिंगच्या, म्हणजे द्राक्षं बुडवायच्या, द्रावणात किती पोटॅशियम कार्बोनेट आणि किती इथाइल ओलिएट टाकलं, किती दिवसांनी उतरवला आणि त्यातला किती काळपट निघाला, हे लिहावं. महाबळेश्वर-पाचगणीकडच्या स्ट्रॉबेरीवाल्याला गराचा रंग किती दिवसांत उतरतो, हे तारखेनिशी सांगता आलं पाहिजे.

हे पान लिहिता लिहिता निम्म्या लोकांच्या लक्षात येतं की आपल्याला तंत्रज्ञान नको, फक्त तपासणी हवी आहे किंवा एखादी सेवा. मसाल्यातले जंतू ही तुमची अडचण असेल तर नवी प्रक्रिया विकत घेऊन काय करणार? वाशीला बीआरआयटीचं मसाल्यांसाठीचं विकिरण केंद्र, म्हणजे किरणांनी जंतू मारायचं केंद्र, २००० सालापासून आहे. अणुऊर्जा विभागाचीच ही संस्था. तिथं माल पाठवायचा, पैसे भरायचे, माल परत आणायचा. परवान्याच्या भानगडीत पडायची गरजच नाही.

कुठल्या दारात जायचं

इथं लोक उगाच लांब धावतात. हळदवाल्यांना मी पहिल्यांदा कसबे डिग्रजला पाठवतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं हळद संशोधनाचं काम तिथं चालतं, 'फुले स्वरूपा' हा वाण तिथलाच. सांगलीच्या उंबऱ्यावर आहे, तरी आमच्या एमआयडीसीतल्या कित्येकांनी ते पाहिलेलं नाही. पावडरीचा रंग कमी येतो म्हणून यंत्र बदलायला निघालेल्या माणसाला तिथं कळतं की गोम वाणात आहे किंवा काढणीच्या वेळेत.

द्राक्ष आणि बेदाण्यासाठी पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, १९९७ पासून. रसासाठी काढलेला 'मांजरी मेडिका' हा वाण त्यांचा. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएआरच्या, अशा प्रत्येक संस्थेत तंत्रज्ञान हस्तांतरणाचा वेगळा कक्ष असतो. शिवाय परिषदेची तंत्रज्ञानं बाजारात न्यायला 'ॲग्रीइनोव्हेट इंडिया' ही सरकारी कंपनी २०११ मध्ये काढली आहे. मसाल्याच्या वाणांसाठी कोळिकोडची संस्था, काढणीनंतरच्या यंत्रांसाठी लुधियानाची सिफेट.

अन्नप्रक्रियेसाठी म्हैसूरची सीएफटीआरआय. १९५० पासूनची, सीएसआयआरची. मिरजेत गाडीत बसलं की थेट म्हैसूरला उतरता येतं, त्यामुळं आपल्याकडच्यांना ती पुण्याइतकीच जवळची वाटते. पॅकबंद तयार जेवणाचा विचार असेल तर संरक्षण खात्याची डीआयबीटी (पूर्वीची डीएफआरएल) ही प्रयोगशाळाही म्हैसुरातच, म्हणजे एका खेपेत दोन्ही होतात. रसायन, अर्क, प्लास्टिक, उत्प्रेरक असं काही असेल तर पुण्याची एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. तिच्याच आवारात 'व्हेंचर सेंटर' आहे. नवउद्योगांना बसायला जागा, उपकरणं आणि पेटंटचा सल्ला तिथं मिळतो. साताऱ्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं.

कुठली प्रयोगशाळा हेच कळत नसेल तर एनआरडीसी. १९५३ पासून या महामंडळाचं कामच ते: सरकारी प्रयोगशाळांची तंत्रज्ञानं उद्योगाला परवान्यावर देणं.

पहिली भेट

आधी ईमेल, मग फोन, मग भेट. ईमेल शास्त्रज्ञाला आणि व्यवसाय विकास विभागाला दोघांनाही पाठवा. शास्त्रज्ञाला विषयात रस असतो पण सही करायचा अधिकार नसतो. विभागाचं याच्या उलट. एकालाच धरून बसलात तर सहा महिने जातात.

जाताना नमुना न्या, पण नीट न्या. कुठल्या शेतातला, कुठल्या दिवशी काढलेला, कधी शिजवलेला, हे पिशवीवर लिहा. आणि तुमची स्वतःची काही युक्ती असेल, समजा तुमच्या वडिलांनी बसवलेली वाळवणाची पद्धत, तर गोपनीयता करार झाल्याशिवाय ती तोंडातून काढू नका. प्रयोगशाळेकडे या कराराचा छापील मसुदा असतो. मागितला तर कुणी नाराज होत नाही.

आपल्याकडं काही लिहून ठेवायची सवय नाही. याची किंमत हळदीनंच एकदा दाखवून दिली आहे. १९९५ मध्ये जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर अमेरिकेत पेटंट दिलं गेलं. आपल्या प्रत्येक घरात माहीत असलेली गोष्ट! डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. सीएसआयआरनं त्या पेटंटला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. पण आजीच्या सांगण्यावर नाही. जुने ग्रंथ आणि छापून आलेले शोधनिबंध पुढं ठेवले तेव्हा. म्हणून पहिल्या भेटीपासून एक वही घाला. कुणाशी काय बोलणं झालं, कुठला नमुना दिला, कुठल्या तारखेला, सगळं त्या वहीत. पुढं सुधारणा कुणी केली यावर वाद झाला तर ही वहीच कामाला येते.

पैसे भरण्याआधी विचारायचं ते

माझी पहिली चूक इथं झाली. कुठल्या संस्थेत ते सांगत नाही, कारण फाईलमध्ये खोटं काहीच नव्हतं.

वाफेवर हळद शिजवायची सुधारित पद्धत होती. फाईल उत्तम, आलेख सुंदर, रंग जास्त टिकतो असं दिसत होतं. मी परवाना घेतला, वाफेचा मोठा ड्रम बनवून घेतला आणि हंगामात पहिला घाणा, म्हणजे एका वेळचा माल, लावला. मधली हळकुंडं शिजून मऊ पडली, कडेची काडी घातली तर कच्ची. वाळल्यावर मोडून पाहिली तर आत दोन रंग. सौद्यात अडत्यानं हातात घेऊन मोडलं, माझ्याकडं पाहिलं आणि काही न बोलता पुढच्या ढिगाकडं गेला.

महिन्याभरानं तिथल्या तांत्रिक सहायकाला फोन केला. "सर, तुमचे प्रयोग किती किलोवर झाले होते?"

"दहा किलोवर, एका वेळी."

माझ्या ड्रमात चारशे किलो होती. यात गणित साधं आहे. भांडं लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून दुप्पट केलं की आतला माल आठपट होतो आणि उष्णता जिथून शिरते तो पृष्ठभाग चौपटच. वाफ सोपी वाट शोधते, मध्येच निघून जाते. लहान भांड्यात हे जाणवतच नाही. शिवाय त्यांच्याकडं शुद्ध केलेलं पाणी, माझ्याकडं बोअरचं जड पाणी. हळदही त्यांनी बाजारातून एकसारखी आणलेली, माझ्या ड्रमात गड्डे आणि हळकुंडं एकत्र.

तेव्हापासून मी हे प्रश्न विचारल्याशिवाय चेकबुक बाहेर काढत नाही.

एका घाण्यात जास्तीत जास्त किती माल घेऊन पाहिला? कुठल्या वाणाचा, किती ओलाव्याचा? किती वेळा केला आणि किती वेळा बिघडला? शेवटचा प्रश्न विचारताना आवाज मऊ ठेवा, पण विचारा. चांगला शास्त्रज्ञ बिघडलेल्या घाण्यांबद्दल मोकळेपणानं बोलतो. ज्याचं एकदाही बिघडलं नाही, त्यानं फार वेळा केलेलं नसतं.

तंत्रज्ञानाची तयारी पातळी किती, हेही विचारा. ही एक ते नऊची मोजपट्टी आहे, अमेरिकेच्या नासातून आलेली. चार म्हणजे प्रयोगशाळेत सिद्ध झालं, नऊ म्हणजे खऱ्या वापरात टिकलं. चार ते नऊ या मधल्या अंतराचा खर्च तुमच्या खिशातून होणार आहे. चारवाल्या तंत्रज्ञानाला नऊवाल्याचे पैसे देऊ नका.

आधी कुणाकुणाला परवाना दिला? यादी मिळाली तर त्यातल्या दोघांकडं स्वतः जाऊन या. फोनवर सगळे "चाललंय की" म्हणतात. मी एकदा एका परवानाधारकाच्या युनिटवर गेलो तर त्या यंत्रावर बारदान वाळत घातलं होतं. प्रवासखर्च वसूल झाला.

आणि पेटंट. क्रमांक मागा. अर्ज केलाय की पेटंट मिळालंय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतात पेटंट अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं चालतं आणि चालू ठेवण्याची फी भरली नाही तर मध्येच संपतं. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की हे फुकट दिसतं. पेटंट फक्त भारताचं असेल तर दुबईत तोच माल दुसरा कुणी बनवत असेल त्याला ते अडवू शकत नाही, हेही निर्यातवाल्यानं लक्षात ठेवावं.

कशा प्रकारचं नातं हवं

तपासणी, सल्ला, तुमच्या पैशानं तुमच्यासाठी केलेला प्रकल्प, दोघांच्या पैशाचा प्रकल्प आणि परवाना, असे साधारण पाच प्रकार. नव्या माणसानं तपासणीपासून सुरुवात करावी. वर्षभरात चार-पाच नमुने तपासून घेतलेत की माणसं ओळखीची होतात आणि तिथं काम कसं चालतं, हे कळतं.

भागीदारीत तुम्ही काय घालणार, हेही ठरवा. पैसाच घालायला हवा असं नाही. आपल्या सातारा जिल्ह्यातलं फलटणचं उदाहरण घ्या. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं दख्खनी मेंढीत सुंदरबनातल्या गारोल मेंढीचं जुळी देणारं जनुक आणलं. कुठल्या कोकरात ते जनुक उतरलंय हे ओळखायची डीएनए चाचणी पुण्याच्या एनसीएलमध्ये होत असे. चाचणी प्रयोगशाळेची, पण कळप, पैदाशीच्या नोंदी आणि मेंढपाळांशी जुळलेलं नातं फलटणचं. यातलं एक जरी नसतं तरी दुसऱ्याचा उपयोग झाला नसता. हळदवाल्याकडं हंगाम आहे, माल आहे, वर्षानुवर्षं शिजवणाऱ्या माणसाचा हात आहे. म्हैसूरच्या प्रयोगशाळेत हे नसतं. बोलणी करताना हे मांडा; फीमध्ये नाही तर निदान तुमच्या जागेवरच्या चाचण्यांमध्ये सवलत मिळते.

करार वाचताना

इंग्रजीत असतो आणि लांब असतो. वकिलाला दाखवाच, पण स्वतःही वाचा, कारण वकिलाला हळद शिजवता येत नाही.

परवाना एकट्याला की अनेकांना, हे पहिलं बघा. सरकारी प्रयोगशाळा बहुतेक वेळा अनेकांना देतात. म्हणजे उद्या तेच तंत्रज्ञान तुमच्या शेजारच्या शेडमध्ये येऊ शकतं. यात वाईट वाटून घेऊ नका. फी त्यामुळंच आवाक्यात राहते. तुमची खरी राखण तुमच्या ब्रँडनं आणि तुमच्या हातानं होते. उलट सहा-सात बेदाणेवाले मिळून, एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या नावावर परवाना घ्यायला काहीच हरकत नाही. मात्र कंपनीच्या परवान्यावर सभासदांनी आपापल्या शेडमध्ये ते वापरलं तर चालेल का, हे करारात शब्दांत लिहून घ्या.

मग पैसे. एकरकमी फी आणि त्यावर विक्रीच्या टक्केवारीनं रॉयल्टी, अशी रचना असते. रॉयल्टी कशावर? एकूण विक्रीवर की त्या एका उत्पादनावर? कर वजा करून की धरून? विक्री झाली नाही तरी किमान रॉयल्टी भरायची अट आहे का? माझ्या पहिल्या करारात ही अट होती. माल बिघडलेला, विक्री शून्य, तरी बिल आलं.

फीवर १८ टक्के जीएसटी लागतो. हळद पावडरीवर तुम्ही ग्राहकाकडून ५ टक्के गोळा करता. म्हणजे फीवरच्या कराचं क्रेडिट हळूहळूच वळतं होणार, आणि सेवेवरच्या कराचा रोख परतावा असल्या उलट्या दरात (खरेदीवर कर जास्त, विक्रीवर कमी) मिळत नाही. तेवढे पैसे अडकणार असं धरून आधीच सीएशी बोला.

प्रशिक्षण किती दिवस, कुणाकडं, किती माणसांना? "प्रात्यक्षिक परवानाधारकाच्या जागेवर, परवानाधारकाच्या मालावर, अमुक किलोच्या घाण्यावर" हे वाक्य घालायला लावा. पूर्ण करारात मी भांडतो ते या एका वाक्यासाठी. दुसऱ्या करारात ते घातलं आणि शास्त्रज्ञ बाई स्वतः कुपवाडला आल्या. दोन दिवस शेडमध्ये उभ्या राहिल्या, हात पिवळे करून गेल्या. ड्रमात वाफ मधूनच न सोडता तीन ठिकाणांहून सोडायची, हे त्यांनी आमच्या फिटरशी बोलून तिथल्या तिथं ठरवलं.

ही जी सुधारणा झाली ती कुणाची? करारात नसेल तर वाद आहे. निदान ती तुमच्या युनिटमध्ये फुकट वापरायचा हक्क तुमच्याकडं ठेवा. आणि सुधारणा खरंच नवी असेल तर पेटंटचा अर्ज करायला घाबरू नका. लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे, मोठ्या कंपनीला ८,०००. खरा खर्च मसुदा लिहिणाऱ्याचा.

प्रयोगशाळेचं नाव किंवा बोधचिन्ह पाकिटावर छापायचं असेल तर लेखी परवानगी लागते. "अमुक प्रयोगशाळेनं प्रमाणित" असं आपल्या मनानं छापलं तर परवाना जायचा. पेटंटवर परवाना असेल तर ते वापरात असल्याचं विवरण पेटंट कार्यालयाला देण्याची जबाबदारी परवानाधारकावरही येते. फॉर्म २७ म्हणतात त्याला. कुणी आठवण करून देत नाही.

पैसा

यावर थोडंच सांगतो, कारण योजना बदलत राहतात. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची पीएमएफएमई योजना २०२० मध्ये सुरू झाली. तीत वैयक्तिक युनिटला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, कर्जाला जोडून अनुदान अशी रचना आहे. सध्या अर्ज घेतायत का, हे जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात विचारा. मोठा प्रकल्प असेल तर १९९६ पासूनचं तंत्रज्ञान विकास मंडळ देशी तंत्रज्ञान बाजारात नेण्यासाठी स्वस्त कर्ज देतं. पण ते कागदपत्रं फार बारकाईनं बघतात, आपल्यासारख्याला दमवणारं काम.

अनुदानावर प्रकल्प उभा करू नका. अनुदान आलं तर बोनस, असं धरून हिशेब मांडा. आणि फीइतकीच रक्कम बिघडणाऱ्या मालासाठी बाजूला ठेवा. हे वाक्य बँकेच्या प्रकल्प अहवालात कुणी घालू देत नाही, म्हणून घरच्या वहीत घाला.

हंगाम आणि मार्च

हळदीची काढणी आणि शिजवणी जानेवारीपासून मार्च-एप्रिलपर्यंत. बेदाण्याचा माल रॅकवर चढतो तोही साधारण याच दिवसांत. आणि सरकारी संस्थेत मार्च म्हणजे आर्थिक वर्ष संपवण्याची धावपळ: निधी खर्च करा, अहवाल द्या, बिलं काढा. म्हणजे तुमच्या शेडमध्ये ज्या आठवड्यात शास्त्रज्ञ हवेत, त्याच आठवड्यात ते कागदांत बुडालेले. हा मेळ घातला नाही तर अख्खं वर्ष वाया जातं, कारण चाचणीला ताजा माल पुढच्या जानेवारीशिवाय मिळत नाही.

मी आता असं करतो. पावसाळ्यात अडचणीचं पान आणि ईमेल. गणपती झाले की भेट आणि नमुने. दिवाळीनंतर कराराचा मसुदा. डिसेंबरात प्रात्यक्षिकाची तारीख लेखी पक्की, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातली. पहिला घाणा शंभर किलोचा, दुसरा दोनशेचा, मग पूर्ण. तिन्ही घाण्यांची प्रत्येकी दहा हळकुंडं तारीख लिहून बरणीत ठेवायची. मार्चमध्ये तीच बरणी घेऊन सौद्यात जायचं, आणि तो अडत्या मोडून काय म्हणतो ते बघायचं.